नकाशा फोनमध्ये असताना तुम्ही नेमकं काय करता?

डिलिव्हरीच्या गाड्यांचे मार्ग ठरवणारं सॉफ्टवेअर लिहिते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ते तर फोनमधला नकाशाच करतो की! इतकी वर्षं विषय बदलत आले. तुम्ही परत विचारलंत, म्हणून आज सांगते.

इथून तिथं कसं जायचं, हे नकाशा सांगतो. आधी कुठं, मग कुठं आणि कुठला माल कुठल्या गाडीत, हा प्रश्न वेगळा. एकाच गाडीचे 10 थांबे घ्या, त्यांचे क्रम 36,28,800 होतात. 15 घेतले तर 1 लाख 30 हजार कोटींच्या वर. शिवाय गाड्या अनेक, ग्राहकांच्या वेळा ठरलेल्या. डँट्झिग आणि रॅमसर या संशोधकांनी 1959 मध्ये पेट्रोल पोचवणाऱ्या ट्रकांसाठी हा प्रश्न मांडला. थांबे कितीही असोत, सर्वोत्तम उत्तर झटपट देईल अशी पद्धत आजवर कुणाला सापडलेली नाही. आम्ही एक बऱ्यापैकी उत्तर घेतो, थोडं मोडतो, पुन्हा जुळवतो, हजारो वेळा. एवढं तरी मान्य करा.

पण तुमचा प्रश्न मला लागतो, त्याचं कारण हे नाही.

पहिल्याच मोठ्या कामात मी आठ गाड्यांचं काम सात गाड्यांत बसवलं. कौतुक झालं. काही दिवसांनी गाड्या उशिरा परतायला लागल्या, तेव्हा अहवालात मी लिहिलं, ‘चालक मार्ग पाळत नाहीत.’

एका संध्याकाळी त्यातले एक चालक ऑफिसात आले. माझ्याहून वयानं बरेच मोठे. मार्गाचा कागद टेबलावर उलगडला. घड्या पडून तो मऊ झाला होता. माझे छापील क्रमांक खोडून बॉलपेननं नवे घातलेले आणि प्रत्येक थांब्यापुढं मिनिटं: 11, 9, 16, 14.

“मॅडम, इथं लिफ्ट नाही. चौथा मजला. तुम्ही चार मिनिटं धरलीत.”

“ती सरासरी आहे, काका.”

“असेल. पण जिने सगळे माझ्याच गाडीला आलेत.”

खरंच आले होते. जवळजवळचे थांबे एका गाडीला देणं हेच तर माझं प्रोग्रॅम करत होतं, आणि बिनलिफ्टच्या जुन्या इमारती एकमेकींना लागून होत्या. 22 थांबे, माझ्या हिशेबानं 88 मिनिटं. त्यांच्या कागदावरची बेरीज 261. रोजचे जवळपास तीन तास.

डेटा मिळाला नव्हता, असं मी तेव्हा म्हणाले. ते खोटं नव्हतं. पण 4 हा आकडाही मला कुणी दिला नव्हता. रकाना रिकामा ठेवता येत नव्हता, म्हणून मीच टाकला होता.

आता प्रत्येक थांब्याची वेळ वेगळी मागते. सगळ्यात लांबलेल्या पाळीवर प्रोग्रॅममध्ये दंड लावते, म्हणजे तसं उत्तर ते टाळतं. त्यानं किलोमीटर वाढतात, आणि ते का वाढले हे ग्राहकाला समजावताना मी कधी कधी हरते. हरले की गाडी कमी होते.

गेल्या महिन्यात नव्या कामात वेळा पुन्हा आल्याच नाहीत. मुदत उद्यावर होती. या वेळी 10 टाकलेत.