यात्रेचं मटण आणि बंड्याचा उपास

यात्रा आटोपली, पाहुणे पांगले आणि त्याच रात्री बंड्याच्या उलट्या सुरू झाल्या. बंड्या आमचा गावठी कुत्रा, वजन सोळा किलो. दिवसभर पंगतीच्या कडेला बसून होता आणि ज्याच्या त्याच्या ताटातलं त्याला मिळत होतं: मटण, हाडं, तांबड्या रश्श्यात कुस्करलेली भाकरी. कोणी किती घातलं याचा हिशेब लागणं शक्यच नव्हतं. आमच्या कोल्हापूरकडे विचाराल तर प्रत्येक जण म्हणणार, "मी एवढासाच तुकडा दिला!"

फरशी पुसण्याआधी मी बॅटरी लावून उलटी नीट बघितली आणि मोबाइलवर फोटो काढला. सासूबाईंनी नाकाला पदर लावला, पण डॉक्टर आधी तेच विचारतात. पहिल्या उलटीत न पचलेली भाकरी, वर लाल तेलाचा तवंग आणि हाडाचा एक छोटा तुकडा. नंतरच्या उलट्यांत नुसता पिवळा फेस, म्हणजे पोट रिकामं होऊन आता पित्त पडत होतं.

डॉक्टरांनी फोनवर भराभर प्रश्न विचारले. पोट फुगलंय का? ओकाऱ्या येतायत पण बाहेर काहीच पडत नाही, असं आहे का? तसं असेल तर सकाळची वाट बघू नका, पोटाला पीळ पडलेला असू शकतो आणि त्यात जीव जायला काही तासही पुरतात. उलटीत रक्त? काळपट काही? हाक मारली तर बघतो का? बंड्या बघत होता, शेपूटही हलवत होता. मग ते म्हणाले, "सकाळपर्यंत खायला काही घालू नका. पाणी थोडं थोडं द्या. रात्रीत जास्त झालं तर उठवा मला."

इथून खरी लढाई सुरू झाली, आणि ती बंड्याशी नव्हती.

"मुक्या जनावराला उपाशी मारतीस काय गं?" सासूबाई वाटीत दूध घेऊन उभ्या. दूध मोठ्या कुत्र्यांना एरवीही नीट पचत नाही, आणि बिघडलेल्या पोटात ते गेलं तर उलटीच्या जोडीला जुलाब. ते समजावेपर्यंत शेजारच्या काकू आल्या. त्यांनी बंड्याच्या कानाला हात लावला आणि जाहीर केलं, "ताप आलाय याला, अर्धी गोळी द्या." कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं तापमान. आपल्या तापाच्या आणि अंगदुखीच्या गोळ्या तर त्याच्या यकृताला, मूत्रपिंडाला चांगल्याच महागात पडतात. एका पाहुण्यांनी फोनवरून मिठाचं पाणी पाजून पोट साफ करायचा सल्ला दिला. तोही विषारीच. शेवटी सासूबाईंनी मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढली. त्याला मात्र मी अडवलं नाही. त्यातलं काही पोटात जात नव्हतं.

पाण्याचं भांडं मी उचलून ठेवलं. उलटी झालेला कुत्रा घटाघटा पितो आणि तेच पाणी पुन्हा ओकतो. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन चमचे पाणी, मधूनच चाटायला बर्फाचा खडा. ओठ वर करून हिरडी दाबायची. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत गुलाबी झाली पाहिजे. हिरडी बोटाला चिकट लागली किंवा मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडल्यावर तशीच उभी राहिली, तर अंगातलं पाणी कमी झालंय. पहाटेपर्यंत बंड्याची हिरडी चिकट लागायला लागली.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि हाडांचं ऐकून एक्स-रे काढला. शिजवलेल्या हाडाच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात आणि आतडं फाडू शकतात. अडकलेलं काही नव्हतं. मग उलटी थांबायचं इंजेक्शन आणि खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सलाइन. त्याचा उंटाच्या मदारीसारखा फुगवटा आला. घरी येईपर्यंत तो घसरून पुढच्या पायाकडे उतरला आणि घरात पुन्हा गलका, "पाय सुजला!" डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून बरं. काही तासांत सगळं जिरलं.

त्यांना जास्त काळजी होती ती कांदा-लसूण मसाल्याची. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवून किंवा पूड करूनही. परिणाम लगेच दिसत नाही, काही दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात, लघवी लालसर-तपकिरी होते. म्हणून पुढे आठवडाभर बंड्या मागच्या दारी पाय वर करायचा तेव्हा मी मागोमाग जाऊन रंग बघायचे. गल्लीत त्यावरून जे विनोद झाले ते इथे लिहीत नाही.

उलट्या थांबून अर्धा दिवस गेल्यावर खाणं सुरू केलं. गुरगुट्या भात, त्याच्या निम्म्यानं उकडलेलं चिकन. कातडं नाही, हाड नाही, मीठ नाही, तेल नाही. "फोडणीशिवाय घशाखाली कसं उतरेल त्याच्या?" असं म्हणत सासूबाईंचा हात हळदीच्या डब्याकडे गेलाच. पहिल्यांदा दोनच चमचे बोटांनी मळून दिले. बंड्यानं वाटी चाटून स्वच्छ केली आणि माझ्याकडे असं काही बघितलं की घरात मी एकटीच खलनायिका ठरले. दोन तास वाट बघितली, पोटात राहिलं, मग छोटी वाटी. दिवसातून दोनदा पोटभर घालण्याऐवजी चार-पाचदा थोडं थोडं. दोन-तीन दिवस हेच, आणि मग नेहमीचं खाणं पाव हिस्सा, अर्धा हिस्सा असं हळूहळू मिसळत न्यायचं. शी घट्ट झाली की पुढचा टप्पा.

हे सगळं धडधाकट, मोठ्या, लस दिलेल्या कुत्र्याचं झालं. पिल्लाला असा उपास घडवू नका, त्याची रक्तातली साखर पटकन उतरते. लस न झालेलं पिल्लू ओकत असेल आणि रक्ताचे जुलाब असतील तर पार्व्हो हा विषाणूचा जीवघेणा आजार असू शकतो, तिथे चमच्यानं पाणी पाजत बसायला वेळच नसतो. आणि गोचीड असलेला कुत्रा जेवण सोडून मलूल पडला, ओकायला लागला, तर रक्त तपासून घ्यावं; गोचीडतापाची सुरुवातही अशीच होते.

सासूबाई अजूनही सगळ्यांना सांगतात की बंड्या दृष्टीमुळे आजारी पडला. मात्र यंदा यात्रेला पंगत बसायच्या आधी त्याला माडीवर कोंडून किल्ली कमरेला खोचली, ती त्यांनीच.