त्याच्या घरी, त्याच्या वेळेने : आमची वाटचाल

कोल्हापुरात आमच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, मुंज, बारसे, शाळेचे वर्गफोटो आणि पासपोर्ट फोटो या कामांवर आमचे घर चालले आणि आम्हा दोघा भावंडांची शिक्षणे झाली. पुढे मी कॅमेरा हातात घेतला आणि धाकटी बहीण एका पशुवैद्यकीय दवाखान्यात मदतनीस म्हणून रुजू झाली. पाळीव प्राण्यांच्या छायाचित्रणाचा आमचा व्यवसाय या दोन कामांतून उभा राहिला, आणि त्यात बहिणीचा वाटा माझ्यापेक्षा मोठा आहे, असे मी मनापासून मानतो.

या कामाचा विचार पहिल्यांदा मनात आला तो ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर. पंचगंगेचे पाणी शहराच्या सखल भागांत शिरले होते, आणि ते ओसरल्यावर लोक चिखलाने माखलेले, पाने एकमेकांना चिकटलेले अल्बम घेऊन स्टुडिओत येऊ लागले. लग्नाच्या फोटोंच्या निगेटिव्ह किंवा फाइली आमच्याकडे असल्यामुळे ते पुन्हा छापून देता आले. परंतु घरातल्या कुत्र्याचा किंवा गोठ्यातल्या गायीचा जो एखादा फोटो अल्बममध्ये असे, तो घरच्याच कुणीतरी काढलेला असल्याने त्याची दुसरी प्रत कुठेच नसायची. माणसांच्या प्रत्येक कार्याला फोटोग्राफर बोलावला जातो आणि बारा-चौदा वर्षे त्याच अंगणात राहिलेल्या जनावरासाठी कुणी बोलावत नाही, हे त्या दिवसांत मला प्रकर्षाने जाणवले. पुढच्या वर्षी टाळेबंदीत लग्नाच्या ऑर्डरी थांबल्या, हाताशी वेळ आला, आणि आम्ही कामाला सुरुवात केली. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आणि दुकाने व आस्थापना कायद्याखाली व्यवसाय सुरू केल्याची सूचना ही कागदपत्रे ऑनलाइनच झाली.

पहिला मोठा प्रश्न होता तो प्राण्याला स्टुडिओत आणायचे की आपण त्याच्या घरी जायचे, हा. वडिलांचा स्टुडिओ तयार होता, पडदे होते, दिवे होते. खर्चाच्या दृष्टीने तेच सोयीचे होते. बहिणीने मात्र सुरुवातीपासून ठामपणे घरी जाण्याचाच आग्रह धरला. अनोळखी जागेत आलेला कुत्रा आधी वास घेत फिरतो, आणि त्याच फरशीवर आधी येऊन गेलेल्या दहा जनावरांचे वास त्याला अस्वस्थ करतात. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक आणि मांजराला त्याहूनही वरचे. त्यामुळे आपल्याला शांत वाटणारी खोली त्यांच्यासाठी शांत असतेच असे नाही. शिवाय कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो. रात्री त्याचा त्यांना उपयोग होतो. पण समोरून फ्लॅश मारला की त्याच थरामुळे फोटोत डोळ्यांच्या जागी हिरवे-पिवळे गोळे दिसतात. म्हणून आम्ही फ्लॅश आणि पडदे बाजूला ठेवले, आणि खिडकीचा, गॅलरीचा, परड्यातल्या सावलीचा उजेड हाच आमचा प्रकाश ठरला.

घरी गेल्यावर आम्ही लगेच कॅमेरा काढत नाही. बॅग जमिनीवर उघडी ठेवतो, म्हणजे प्राणी येऊन ती हुंगतो. बहीण त्याच्याकडे न पाहता बाजूला बसते, आणि तो आपणहून जवळ येईपर्यंत घरच्यांशी बोलत राहते. या वेळात मालकांची घालमेल होते. ‘तुमचा वेळ फुकट जातोय हो,’ असे एक काकू पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, आणि त्यांचा वृद्ध लॅब्राडोर तोवर माझ्या बुटांपाशी येऊन पसरला होता. त्याच्या मागच्या पायांत आता ताकद नव्हती, म्हणून मी फरशीवर पालथे पडून कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणला. तोंडावरचे पांढरे झालेले केस, नाकावरची जुनी खपली आणि नेहमीच्या सवयीने त्याच्या पाठीवर टेकलेले काकूंचे पाऊल एवढेच त्या फोटोत आहे. काकूंनी तोच निवडला आणि तोच मोठा करून लावला. चेंडूसोबतचे आणि गळ्यात रुमाल बांधलेले फोटो फाइलमध्येच राहिले.

म्हातारी जनावरे हा आमच्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग झाला आहे. दवाखान्यातून कधी कधी असा निरोप येतो की एखाद्या कुत्र्याचे थोडेच दिवस उरले आहेत आणि घरच्यांना फोटो हवेत. अशा कामासाठी आम्ही लग्नाच्या ऑर्डरीच्या आदल्या दिवशीही वेळ काढतो आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाही. या कामात तासावर दर लावणे मला योग्य वाटत नाही. घड्याळ चालू आहे हे कळले की मालक जनावराला ओढून समोर बसवू लागतो आणि फोटोत त्याची ओढाताण दिसते. म्हणून आमचा दर एका भेटीचा आहे, वाट पाहण्याचा वेळ त्यातच धरलेला असतो, आणि आम्ही दिवसाला एकच घर घेतो. सुरुवातीला हे परवडेल का, अशी वडिलांना रास्त शंका होती. छापील प्रती आणि अल्बम यांच्या ऑर्डरी येऊ लागल्यावर हिशेब जमला. आता ते स्वतः अल्बमची बांधणी पाहतात.

तांत्रिक बाजूबद्दल थोडे सांगतो, कारण नव्याने या कामात येऊ पाहणारे तेच विचारतात. २०१९ पासून काही कॅमेऱ्यांत प्राण्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरण्याची सोय आली आणि आमचे काम खरोखर सोपे झाले. तरीही काळ्या कुत्र्यासमोर विचार करावाच लागतो. कॅमेऱ्यातले उजेड मोजणारे मीटर काळ्या अंगाला अंधार समजून उजेड वाढवते आणि काळा कुत्रा करडा दिसतो. तिथे एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, खाली आणावे लागते आणि पांढऱ्या बैलासाठी वर न्यावे लागते. पळणाऱ्या कारवानी या चपळ देशी जातीच्या कुत्र्याला मोकळ्या माळावर टिपायचे तर शटर उघडे राहण्याचा वेळ सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापर्यंत न्यावा लागतो.

काही गोष्टी आम्ही करत नाही आणि त्या ऑर्डर घेतानाच सांगतो. कपडे घातल्यावर प्राणी अवघडला, तर ते उतरवले जातात. वारंवार जांभया, ओठ चाटणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, शेपूट पोटाशी घेणे यांपैकी काही दिसले की बहीण हात वर करते आणि मी कॅमेरा खाली ठेवतो. तिथे तिचा शब्द अखेरचा असतो. बक्षीस म्हणून आम्ही बिनमिठाचे उकडलेले चिकन किंवा पनीरचे तुकडे देतो. चॉकलेट, मनुका, कांदा असलेले काहीही जवळ येऊ देत नाही, कारण ते कुत्र्याला विषारी ठरते. लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाचे काम पुढे ढकलतो, कारण आम्ही घरोघर फिरतो आणि आमच्या बुटांवरून रोग त्याच्यापर्यंत जाऊ शकतो. एप्रिल-मे महिन्यांत पग आणि बुलडॉग यांची कामे सूर्योदयालाच उरकतो, कारण चपट्या नाकाच्या जातींना उकाडा फार लवकर बाधतो.

या व्यवसायाला खऱ्या अर्थाने स्थैर्य दिले ते मात्र बैलांनी. आमच्याकडे ज्येष्ठात कर्नाटकी आणि आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, होतो. त्या दिवशी बैलांना धुऊन, शिंगे रंगवून, गोंडे, घुंगरमाळा आणि झूल चढवून पुरणपोळीचा घास देतात. करवीर तालुक्यातल्या एका शेतकरी दादांनी विचारले, ‘कुत्र्यांचे काढता, मग आमच्या खिल्लाराचे काढाल का?’ आणि तिथून हे काम सुरू झाले. आषाढातले ढगाळ आभाळ खिल्लाराच्या पांढऱ्या अंगासाठी उत्तम असते. कडक सावल्या पडत नाहीत आणि मागे वळलेली लांब शिंगे टोकापर्यंत स्पष्ट उतरतात. दादांना बैलाच्या खांद्याचा, जू टेकून घट्टा पडलेल्या जागेचा फोटो हवा होता, आणि तो काढताना त्यांनी झूल स्वतःच्या हाताने मागे सारली. पुढे त्याच गावातून आणि शेजारच्या गावांतून ऑर्डरी आल्या.

अडचण एवढीच की आषाढातला बेंदूर सगळ्या गावांत एकाच दिवशी असतो आणि सजलेला बैल दुसऱ्या दिवशी तसा राहत नाही. म्हणून आम्ही शेतकरी घरांतल्या दोन मुलांना हाताशी घेतले. जनावरापाशी कसे उभे राहायचे हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते, कॅमेरा मी शिकवला. त्यांच्यापैकी एक जण आता गायी-बैलांची कामे स्वतंत्रपणे घेतो, आणि त्यामुळे बेंदराला आम्ही दोन गावांच्या ऑर्डरी स्वीकारू शकतो.