१७ वर्षांच्या मुलीला गाडी कशाला?

डिसेंबरच्या सुट्टीत इंदूरला आलोय आणि रामबागेतल्या घरी जो कोणी भेटायला येतो तो हमखास विचारतो, काय गं, एवढ्याशा पोरीला गाडी घेऊन दिली म्हणे? आत्या काळजीने विचारते, शेजारचे काका जरा नाक मुरडून विचारतात, आणि बाबा दर वेळी माझ्याऐवजी स्वतःच उत्तर द्यायला जातात आणि मग अडकतात. म्हणून म्हटलं एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकावं, कारण हे लाडाचं प्रकरण नाहीये आणि पैसे वर आलेत म्हणूनही नाहीये, वर्षभर आम्ही दोघं नवरा-बायको ह्या एका विषयावर जेवढं बोललो तेवढं घर घेतानाही बोललो नव्हतो.

आधी गरज काय ते सांगते. आम्ही न्यू जर्सीत जिथे राहतो तिथून न्यूयॉर्कला जायला ट्रेन आहे, पण आमच्याच गावात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला काही म्हणजे काही नाही. रिक्षा नाही, सिटी बस नाही, रस्त्याच्या कडेला चालायला फुटपाथसुद्धा मध्येच संपतो. शाळेची पिवळी बस दुपारी घरी आणून सोडते आणि त्यानंतर मुलीचं तबला, रोबोटिक्स, लायब्ररीतली नोकरी, मैत्रिणीकडे अभ्यास, सगळीकडे आईबाबांनीच सोडायचं आणि आणायचं. इथे माझी भाची कोचिंगला भंवरकुआला एकटी जाते, ई-रिक्षा मिळाली तर ती नाहीतर बस, घरच्यांना कळतही नाही कधी गेली कधी आली. तिकडे आम्ही दोघंही नोकरी करतो, संध्याकाळचं जेवण कित्येकदा गाडीतच होतं, त्यामुळे तिथे १७ व्या वर्षी गाडी चालवणं म्हणजे इथे सायकल शिकण्याइतकं रोजचं आहे. फक्त गाडी सायकल नाही, तिच्याने जीव जातो, आणि आमची सगळी धडपड ह्या एका गोष्टीसाठी होती.

न्यू जर्सीतली पद्धत मला मनापासून पटली म्हणून ती सांगते. १६ व्या वर्षी ड्रायव्हिंग स्कूलला नाव घालून लर्नर परमिट मिळतं, त्या स्कूलचा मास्तर ६ तास शिकवतो, पण खरं शिकवायचं आईबापांनी. निदान ६ महिने शेजारी बसून चालवून घ्यायचं, आणि २०२५ पासून ५० तासांचा सराव लिहून दाखवायचा, त्यातले १० तास रात्रीचे. शेजारी बसणारा २१ च्या वरचा आणि ३ वर्षं लायसन असलेला हवा. १७ झाल्यावर रोड टेस्ट, ती पास झाली तरी पक्कं लायसन नाहीच, वर्षभर प्रोबेशन. त्या वर्षात रात्री ११ नंतर पहाटे ५ पर्यंत गाडी चालवायची नाही, आईबाबा सोबत नसतील तर गाडीत एकच मैत्रीण, आणि फोनला हात नाही, हँड्सफ्रीसुद्धा नाही. पक्कं लायसन १८ ला.

आणि दोन्ही नंबर प्लेटवर वरच्या डाव्या कोपऱ्यात लाल चकाकणारी छोटी पट्टी लावायची, २१ च्या खालचा जो कोणी परमिट किंवा प्रोबेशनवर चालवतो त्याला सक्तीची आहे. ४ डॉलरला जोडी मिळते, मागे वेल्क्रो असतं, म्हणजे मी चालवायला बसले की काढायची, ती बसली की लावायची. बाबा म्हणाले आपल्याकडच्या एल सारखंच की, मी म्हटलं हो बाबा, पण हे लायसन मिळाल्यावरही काढता येत नाही. २०१० पासून हा नियम आहे आणि २००६ साली मित्राच्या गाडीत अपघातात गेलेल्या कायली नावाच्या शाळकरी मुलीच्या नावाने तो कायदा ओळखतात. लेक सुरुवातीला कुरकुरली, की सगळ्यांना कळतं मी नवीन आहे. तेच तर कळायला हवं ना, म्हणजे मागचा जरा अंतर ठेवतो. प्रवाशांच्या नियमाचंही तसंच, अमेरिकेत १६ ते १९ वयाच्या ड्रायव्हरांचे जीवघेणे अपघात दर मैलामागे मोठ्यांच्या जवळपास तिप्पट होतात आणि गाडीत बरोबरीची मुलं बसली की धोका आणखी वाढतो, हे वाचल्यापासून मला तो नियम जाचक वाटणंच बंद झालं.

सरावाचे ते तास माझ्या फार जवळचे आहेत. आधी रविवारी सकाळी शाळेचं रिकामं पार्किंग, मग आमच्या कॉलनीतले रस्ते, मग चारही बाजूंना स्टॉप साईन असलेले चौक, जिथे सिग्नल नाही पोलीस नाही, जो आधी येऊन थांबला तो आधी जाणार, दोघं एकदम आले तर उजवीकडचा आधी. इंदूरच्या गर्दीच्या पलासिया चौकात वाढलेल्या माणसाला हे खोटं वाटेल पण चालतं! लेकीला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, चाक पूर्ण थांबलंय हे तुझ्या पाठीला जाणवलं पाहिजे, मगच पुढे. मग हायवे, मग पाऊस, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरातली संध्याकाळ, जेव्हा झाडीतून हरणं अचानक रस्त्यावर येतात, आणि एक हरीण दिसलं की मागे दुसरं असणारच हे धरून चालायचं. १७ वर्षांची मुलगी फोन बाजूला ठेवून आईशेजारी तासभर बसते आणि मध्येच मनातलं काहीतरी बोलून जाते, हे मला ह्या नियमांनी दिलं.

आता गाडी कुठली. इथे इंदूरला सगळ्यांचं एकमत आहे, पहिली गाडी छोटी घ्यावी, जुनी मारुती बघा, ठोकली तरी दुःख नाही. इथल्या गल्लीबोळांत, २०-३० च्या स्पीडला, ते बरोबरही असेल. पण तिकडे हायवेवर ६५ मैल म्हणजे १०० च्या वर स्पीड आणि आजूबाजूला दोन-अडीच टनांचे पिकअप ट्रक. हलकी गाडी आणि जड गाडी भिडल्या तर हलक्या गाडीतल्या माणसाला जास्त मार बसतो, ह्यात कुठल्या देशाचा फरक नाही. तिकडे विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी आयआयएचएस नावाची संस्था आहे, ती गाड्या ठोकून बघते, आणि कन्झ्युमर रिपोर्ट्स ह्या ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या संस्थेबरोबर मिळून खास टीनएजर मुलांसाठी चांगल्या जुन्या गाड्यांची यादी काढते. त्या यादीत २,७५० पौंडांच्या खालची, म्हणजे साधारण साडेबाराशे किलोच्या आतली गाडी घेतच नाहीत. आणि फार जोरदार इंजिनच्या गाड्याही नाहीत, कारण पोरांच्या पायाखाली ताकद आली की पाय दाबला जातो. म्हणजे छोटी नको आणि पळणारीही नको, मधली, जड, शांत गाडी हवी.

लेकीचं मन एका पिटुकल्या दोन दरवाजांच्या गाडीवर बसलं होतं, आणि माझा मावसभाऊ फोनवर तिला स्पोर्ट्स कारची स्वप्नं दाखवत होता. दोन्हीला मी ठाम नाही म्हटलं. ती दोन दिवस बोलली नाही, चालेल. तिच्या बाबांनी तिला क्रॅश टेस्टचे व्हिडिओ शेजारी बसून दाखवले, पुतळ्याचं डोकं कुठे जातं, पाय कुठे अडकतो, आणि मग ती स्वतःच याद्या करायला लागली. आमच्या अटी ठरल्या त्या अशा की स्टेबिलिटी कंट्रोल पाहिजेच, म्हणजे ईएससी, बर्फावर किंवा ओल्या वळणावर गाडी घसरायला लागली तर एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून ती सरळ ठेवणारी सिस्टिम. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून ती सगळ्या गाड्यांना सक्तीची आहे, म्हणजे त्याआधीचं काही बघायचंच नाही. शिवाय समोर गाडी आली तर आपोआप ब्रेक लागणारं फीचर हवं, मागचा कॅमेरा हवा. रंग, सीटचं लेदर, गाण्याची सिस्टिम, हे सगळं शेवटी.

मग शोध सुरू झाला आणि तो थकवणारा होता. रविवारी वेळ असतो पण न्यू जर्सीत रविवारी गाड्या विकायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे सगळे शनिवार त्यातच गेले. प्रत्येक गाडीला १७ अक्षर-आकड्यांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर असतो, काचेच्या खालच्या कोपऱ्यात दिसतो, तो सरकारी साईटवर टाकला की कंपनीने दोष म्हणून परत बोलावलेले भाग बदललेत की नाहीत ते फुकट कळतं, तकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगांसारखी प्रकरणं होऊन गेल्यावर हे न बघता गाडी घेणं म्हणजे वेडेपणा. कारफॅक्स नावाच्या साईटवर पैसे भरून आधीचे मालक आणि नोंदवलेले अपघात बघता येतात. पण नोंदवलेले म्हणजे तेवढेच, हे लक्षात ठेवायचं.

ह्याचं कारण सांगते. एक गाडी आम्हाला फार आवडली होती, रिपोर्ट स्वच्छ, किंमत चांगली, आत छान वास. आमच्या ओळखीचा एक म्हातारा मेकॅनिक आहे, त्याला पैसे देऊन बरोबर नेलं होतं. त्याने बॉनेट उघडायच्या आधी मागच्या सीटवर बसून सीटबेल्ट धरला आणि ओढत ओढत पार शेवटापर्यंत बाहेर काढला. रोज वापरात येतो तेवढा पट्टा काळाभोर, आणि जो भाग एरवी आत गुंडाळलेला राहतो तिथे फिकट तपकिरी आडवी रेघ, वाळलेल्या चिखलाची. मग डिकीतली स्टेपनी उचलली, खाली गंजलेले स्क्रू आणि कोपऱ्यात बारीक गाळ. पुरात बुडालेली गाडी. २०२१ च्या सप्टेंबरात इडा वादळाच्या पावसात न्यू जर्सीत किती गाड्या पाण्यात गेल्या, त्यातल्या काही वाळवून, धुऊन, दुसऱ्या राज्यातून कागद फिरवून परत बाजारात येतात. बाहेरून कळत नाही, पण वायरिंग आतून सडत जातं, आणि एअरबॅगला सिग्नल नेणारी वायरही तीच असते. माझी मुलगी त्या गाडीत बसणार होती, ह्या विचाराने माझे हातपाय गार पडले. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला आम्हालाही असंच मिळालंय, आम्ही तिथून निघालो. तेव्हापासून मी कोणालाही, इथेही, सांगते की जुनी गाडी बघताना सगळ्यात आधी पट्टा पूर्ण ओढा, फुकटची तपासणी आहे.

शेवटी २०१८ ची टोयोटा कॅमरी घेतली, राखाडी, एका मालकाची, वजन दीड टन, आपोआप ब्रेकवाली. टायरवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे लेकीनेच वाचून दाखवले, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, टायर किती जुना ते कळतं. किंमत सांगितली की त्यावर ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स, नोंदणी, वर डीलरची कागदपत्रांची फी, त्यामुळे सगळं मिळून हातात किती द्यायचे हा एकच प्रश्न पहिल्या फोनवर विचारायचा. विमा मात्र भरमसाट वाढला, तिकडे घरात टीनएजर ड्रायव्हर आला की वाढतोच, चांगले मार्क असतील तर कंपन्या सूट देतात, तेवढ्यासाठी तरी लेक गणिताला जास्त वेळ देतेय.

बाबांचा पहिला प्रश्न मात्र वेगळाच होता. गाडी घेतली, पण खजराण्याला कोण नेणार? आमच्या घरात ॲटलस सायकलपासून प्रत्येक वाहन आधी खजराना गणपतीपुढे उभं राहिलंय. आम्ही ब्रिजवॉटरच्या व्यंकटेश्वर मंदिरात नेली, तिथे वाहनपूजा होते, लेकीने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि बाबांनी व्हिडिओ कॉलवर इथून अथर्वशीर्ष म्हटलं. खूप बरं वाटलं मला.

आता थोडं इथल्याबद्दल, आणि हे मी आपलेपणाने लिहितेय, राग मानू नका. तिकडे ५० तास शेजारी बसून, एवढ्या अटी घालून, दीड टनाच्या गाडीत मुलीला बसवलं तर आम्ही डोक्यावर चढवून ठेवलं म्हणता, आणि इथे क्लासच्या बाहेर संध्याकाळी उभं राहून बघा, पंधरा-सोळाची मुलं तिघं-तिघं ॲक्टिव्हावर, हेल्मेट नाही, लायसन असायचा प्रश्नच नाही. आपल्या कायद्यात ५० सीसीच्या आतली बिनगिअरची गाडीच १६ ला चालते, ॲक्टिव्हा त्यात बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे, वर त्या गाडीची नोंदणी रद्द. पण दंड राहू दे बाजूला. पोरगं किती हुशार आहे, हात किती साफ आहे, ह्यावर काही नसतं, समोरचा कसा येतोय त्यावर असतं. बस आहे, ई-रिक्षा आहे, दोन वर्षं थांबलं तर काही बिघडत नाही, आमच्याकडे तर थांबायची सोयच नव्हती.

माझ्या भावाचा मुलगा मार्चमध्ये १८ चा होतोय आणि त्यांच्या घरी सध्या हीच बोलणी चालू आहेत, म्हणून काल रात्री त्याच्याबरोबर बसून यादी केली. दादा म्हणत होता ॲव्हरेज कितीचं देते ते बघू. मी म्हटलं दादा, ते बघच, पण आधी भारत एनकॅपमध्ये किती स्टार आहेत ते बघ, २०२३ पासून आपल्याकडेही गाड्या ठोकून बघतात, निकाल साईटवर आहेत, आणि मोठ्यांचे स्टार आणि लहान मुलांचे स्टार वेगळे असतात, दोन्ही वाच. ईएससी सगळ्या व्हेरियंटमध्ये आहे की फक्त वरच्या, ते सेल्समनला लिहून द्यायला सांग. मागे मधल्या सीटलाही तीन ठिकाणी धरणारा पट्टा आहे का ते हाताने ओढून बघ. शोरूममध्ये आधी सनरूफ दाखवतील आणि पोरगं तिथेच विरघळेल, त्याला म्हण ते शेवटी. आणि लर्निंग लायसन निघाल्यावर रोज सकाळी ६ वाजता, गर्दी व्हायच्या आत, सुपर कॉरिडॉरवर त्याला घेऊन जा, शेजारी तू स्वतः बस, ड्रायव्हरला पाठवू नको.