कानस लागणारी करवत

मागच्या पावसाळ्यात माळा आवरताना आजोबांची करवत सापडली, गोणपाटात गुंडाळलेली आणि गंजून लाल झालेली. परत वरच टाकणार होतो, कारण माझ्याकडे प्लास्टिकच्या मुठीची नवी होती ना! पण ती नवी वर्षभरात जुन्या सागवानी चौकटी कापून बोथट झाली (सागात सिलिका असते, ती दातांची वाट लावते). म्हटलं धार काढू. कानस लावली तर ती नुसती घसरायला लागली, अंगावर काटा येईल असा आवाज, आणि पाच मिनिटांत कानसच गुळगुळीत. शेजारचे सुतारकाका बघून हसले. "अरे, दात काळे-निळे दिसतायत ना, ते कडक केलेत. बोथट झाली की टाकायची ही."

मग जुनी काढली. काकांनी आधी एक डोळा मिटून दातांच्या रेषेत बघितलं, मग पातं वाकवून सोडलं, ते सरळ परत आलं, म्हणाले माल चांगलाय. गंज रॉकेल आणि पॉलिश पेपरनं निघाला. खड्डे राहिले थोडे, पण दातांपाशी नाहीत म्हणून चालतंय.

धार काढायच्या आधी काकांचा प्रश्न, "उभं चिरायचंय की आडवं कापायचंय?" मला तोवर वाटायचं करवत म्हणजे करवत. लाकडाच्या रेषांच्या दिशेनं चिरायला दात पटाशीसारखे (सपाट धारेचे) लागतात, कानस पात्याला काटकोनात धरायची. आडवं कापायला सुरीसारखे, तिथं कानस तिरकी. माझं काम आडवंच जास्त. दोन फळ्यांत पातं आवळलं, सपाट कानस सगळ्या दातांवरून एकदा फिरवली की प्रत्येक टोकावर चमकता ठिपका येतो, मग त्रिकोणी कानस खाचेत घालून तो ठिपका जाईपर्यंतच घासायचं, पुढे नाही. आणि कानस फक्त ढकलताना दाबायची, मागे आणताना उचलायची, मी दहादा विसरलो.

दात एकाआड एक डावी-उजवीकडे वाकवताना मी जरा जास्तच वाकवले. काप रुंद झाला आणि करवत आत डुलायला लागली, रेघ सोडून चालली. ओल्या लाकडाला तेवढं वाकवणं बरं, सुक्या सागाला अगदी थोडं पुरतं. परत सगळं केलं.

आता काम झालं की पात्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवतो, कापताना अडकली तर मेणबत्ती घासतो. नवी अजून आहे, अंगणातल्या शेवग्याच्या फांद्या तोडायला.