डोंगरातला गोल्फ कोर्स: अकरावं ग्रीन ते बारावा टी, ही वाट आधी विचारा

डोंगरातल्या रिसॉर्टवर गोल्फ खेळायला निघाला असाल तर बुकिंग करताना "कोर्स चालत खेळता येतो का?" असं विचारू नका. उत्तर "हो, आरामात" असंच मिळतं. मलाही तेच मिळालं होतं आणि ते साफ चुकीचं निघालं. विचारायचं ते असं: कुठल्या ग्रीनवरून (भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, जिथे होल संपतो) पुढच्या टीला (जिथून पुढच्या होलचा पहिला फटका मारतात) जाताना सगळ्यात जास्त चढावं लागतं, आणि चढ किती मीटरचा?

स्कोअरकार्डावर छापलेलं अंतर टीपासून ग्रीनपर्यंतचं असतं. एक होल संपवून पुढच्या टीपर्यंतची वाट त्यात धरतच नाहीत. सपाट कोर्सवर त्याने काही बिघडत नाही. डोंगरात मात्र होल शक्यतो उतारावर किंवा उताराला आडवे आखतात, म्हणजे खेळणारा खूश, आणि चढ सगळा दोन होलांच्या मधे जातो. स्लोप रेटिंगवरूनही हे कळत नाही. 55 ते 155 मधला तो आकडा निष्णात खेळाडूच्या तुलनेत साधारण खेळाडूला कोर्स किती जड जाईल ते सांगतो, तुमच्या पोटऱ्यांचं काय होईल ते नाही.

मी खेळलो त्या कोर्सचे पहिले दहा होल देखणे आणि सोपे आहेत, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अकराव्याचं ग्रीन दरीच्या तळाशी आहे आणि बाराव्याचा टी थेट डोक्यावर. मधे बगीसाठी (खेळाडूंना नेणारी छोटी गाडी) केलेला सिमेंटचा नागमोडी रस्ता, चालणाऱ्यांनाही तोच. सावलीतल्या वळणांवर शेवाळ धरलेलं. गोल्फच्या बुटांची रबरी बोंडं गवतात रुततात, सिमेंटवर घसरतात. बॅगेची ट्रॉली मागे ओढत होती, म्हणून दोन्ही हातांनी दांडा धरून शेवटची दोन वळणं मी उलटा चालत चढलो. वर पोचलो तेव्हा मागचा ग्रुप बगीतून येऊन उभाच होता. त्यांना पुढे जाऊ द्या. छाती धपापत असताना टी-शॉट मारायचाच नाही.

आता बगीचं. अकराव्यावरून फोन केला तर उत्तर आलं, बगी मिळेल, पण भाडं पूर्ण अठरा होलांचं. सकाळी काउंटरवर "लागली तर मधेच घ्या" असं हसून सांगणारी हीच माणसं. ही सरळ लूट आहे. खेळ सुरू करायच्या आधीच शेवटच्या नऊ होलांसाठी बगी ठरवा, अर्धं भाडं पावतीवर लिहून घ्या. लिहून देत नसतील तर बॅग हलकी करा. नियमाने चौदा क्लब (गोल्फच्या काठ्या) चालतात, पण इथे नऊ पुरतात.

आणि एवढं सगळं होऊनही बारावा होल खेळायलाच हवा! पार-3 (म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा), कार्डावर 160 मीटर, ग्रीन साधारण 35 मीटर खाली. ढोबळ हिशेब असा: जितका उतार तितके मीटर वजा, म्हणजे 125. शिवाय दोन हजार मीटर उंचीवर हवा विरळ, चेंडू सात-आठ टक्के जास्त जातो, म्हणजे 115 चा क्लब काढा. मेक्सिको सिटीच्या चापुल्टेपेक क्लबवर, 2300 मीटरहून जास्त उंचीवर, 2017 ते 2020 या काळात जागतिक दर्जाची स्पर्धा होत असे. तिथे व्यावसायिकांनाही हाच हिशेब मांडावा लागायचा. माझं नऊ नंबरचं आयर्न नीट बसलं. चेंडू समोरच्या कड्याच्या वर गेला, तिथे थांबल्यासारखा वाटला आणि मग पडतच राहिला, पडतच राहिला. ग्रीनवर टेकला तेव्हा मी ओरडलो. गोल्फमध्ये यापेक्षा मोठं सुख मला माहीत नाही.

विरळ हवेत स्लाइस आणि हुक, म्हणजे बाजूला वळत जाणारे फटकेही कमी वळतात, त्यामुळे नेहमीची भरपाई करून उजवी-डावीकडे निशाणा धरू नका. पट (ग्रीनवरचा हलका फटका) मारताना डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. मागे डोंगर असला की ग्रीन सपाट वाटतं, पण चेंडू दरीकडे ओढ घेतो. ग्रीनच्या खालच्या बाजूला उभं राहून उतार बघा.

दरीच्या कडेला लाल खुंट्या असतील तर एक पेनल्टी घेऊन, चेंडू जिथून आत गेला तिथून दोन क्लबच्या अंतरात ड्रॉप करता (हातातून खाली सोडता) येतो. पांढऱ्या खुंट्या (कोर्सची हद्द) असतील तर मागे जाऊन पुन्हा मारायचं, म्हणून शंका आली की प्रोव्हिजनल (राखीव) चेंडू तिथल्या तिथे मारून टाका. 2019 पासून चेंडू शोधायला तीनच मिनिटं मिळतात, आणि उतारावरच्या रफमध्ये (उंच गवतात) ती चढण्याउतरण्यातच जातात. खाली उतरून चेंडू शोधू नका. चेंडू जास्त न्या, जुनेच न्या.

टी-टाइम (खेळ सुरू करायची वेळ) सकाळचा पहिला घ्या. ऊन चढलं की वारा दरीतून वर येतो आणि दुपारनंतर ढग जमतात. आकाशात वीज असल्याचा इशारा देणारा भोंगा वाजला की शॉट अर्धवट असला तरी तिथेच थांबायचं, छत्री मिटायची आणि निवाऱ्यात जायचं. बाराव्यानंतरचा निवारा चौदाव्याच्या टीमागे आहे, झाडीमुळे दिसत नाही. पावसाने खेळ थांबला तर उरलेल्या होलांचे पैसे परत मिळतात की पुढच्या वेळेची चिठ्ठी देतात, तेही बगीच्या पावतीबरोबरच विचारून घ्या.