कॅमेरा चालू की बंद? तुम्ही विचारलंत म्हणून

आपापल्या घरून काम करणारी टीम मी सांभाळते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: 'व्हिडिओ मीटिंगमध्ये सगळ्यांनी कॅमेरा चालू ठेवलाच पाहिजे, असा नियम करावा का?' टीम चालवणारे हे विचारतात, कारण काळ्या चौकटींशी बोलून बोलून ते कंटाळलेले असतात. टीममध्ये काम करणारे विचारतात, कारण दिवसाच्या चौथ्या मीटिंगला पुन्हा चेहरा सावरून बसायचा त्यांना वीट आलेला असतो. दोघांनाही मी एकच सांगते. सरसकट नियम करू नका. आधी आवाजाचं बघा, आणि कॅमेऱ्याचं त्या त्या बैठकीत काय काम आहे ते पाहून ठरवा.

चेहरा दिसला की संभाषण आपोआप सुधारतं, ही समजूत जुनी आहे. अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीने १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात 'पिक्चरफोन', म्हणजे बोलणाऱ्याचं चित्रही दाखवणारा फोन, लोकांसमोर आणला आणि १९७० मध्ये पिट्सबर्गला त्याची सेवा सुरू केली. ती चालली नाही. महाग होती, आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडेही तेच यंत्र असावं लागे. पुढे इंटरनेट वेगवान झालं, लॅपटॉपमध्येच कॅमेरा आला, आणि २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने पर्यायच ठेवला नाही. झूमवर रोज मीटिंगला बसणाऱ्यांचा आकडा डिसेंबर २०१९ मध्ये सुमारे १ कोटी होता, तो एप्रिल २०२० मध्ये ३० कोटींवर गेला. (एकच माणूस दिवसात पाच मीटिंगांना बसला तर तो पाचदा मोजला जातो, पण तरीही.) इतक्या घाईने अंगावर आलेल्या गोष्टीच्या रीतीभाती ठरवायला कुणालाच सवड मिळाली नाही, आणि कॅमेरा चालू असणं म्हणजे हजेरी, असं बऱ्याच ठिकाणी होऊन बसलं.

आता आवाजाकडे येते, कारण माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. समोरासमोर बोलताना एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. दहा भाषांच्या २००९ मधल्या एका अभ्यासात हे अंतर सगळीकडे याच्या आसपास निघालं. एवढ्या वेळात उत्तर सुचत नसतं. समोरचा कधी थांबणार याचा अंदाज आपण त्याचं वाक्य चालू असतानाच बांधतो आणि तयार राहतो. व्हिडिओ कॉलवर नेमका हा अंदाज चुकतो. आपला आवाज आधी दाबून लहान केला जातो, तुकड्यातुकड्यांनी नेटवर्कवरून जातो, मागेपुढे पोचलेले तुकडे पलीकडे क्षणभर थोपवून ओळीने लावले जातात, आणि मग तो ऐकू येतो. संभाषण सुरळीत चालायचं तर एका दिशेचा हा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. वायफाय डळमळीत असलं की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजून पाहिलं तेव्हा समोरासमोरच्या गप्पांत दोघांच्या बोलण्यातलं अंतर सरासरी १३५ मिलिसेकंद भरलं आणि झूमवर ४८७.

या फरकाने काय होतं ते मी जवळून पाहिलंय. आमच्याकडे एक मुलगी नव्याने आली होती. कुणी प्रश्न टाकला की ती माइक चालू करायची, 'मला वाटतं' एवढं म्हणेपर्यंत एखादा जुना सहकारी सुरू झालेला असायचा. दोघंही थांबायचे. 'नाही, तू बोल.' 'नको नको, तुमचं होऊ दे.' तो बोलून घ्यायचा आणि तिचा माइक पुन्हा बंद. कॅमेरा तिचा सदैव चालू होता. तिचे ओठ उघडून मिटताना सगळ्यांना दिसत होते, आणि त्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता. मग मी प्रश्न नाव घेऊन विचारायला लागले, आणि मध्ये बोलायचं असेल तर हात वर करायचं बटण दाबायचं, हे जुन्या-नव्या सगळ्यांना लागू केलं. ती पहिल्यांदा सलग बोलली तेव्हा तिने दाखवून दिलं की आमचे दोन गट एकमेकांचं काम पूर्ण होण्याची वाट बघत बसलेत. आमच्यापैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं.

म्हणून म्हणते, खर्च करायचा तर आधी प्रत्येकाला बरा हेडसेट द्या, शक्यतो वायरचा, कारण ब्लूटूथ स्वतःचा थोडा उशीर त्यात मिसळतं. लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकलं की तोच आवाज माइकमध्ये परत शिरतो. तो घुमू नये म्हणून सॉफ्टवेअर तो गाळतं, आणि त्या गाळण्यात पुष्कळदा आपलं 'हं', 'बरोबर', 'अच्छा' हेही जातं. बोलणाऱ्याला मग भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, आणि दोष दिला जातो बंद कॅमेऱ्यांना! शिवाय आवाजाला नेटवर्कची जागा फार थोडी लागते. चित्राला त्याच्या कित्येक पट. लाइन कमजोर असताना कॅमेरा बंद करून स्पष्ट ऐकू येणारा माणूस बाकीच्यांवर उपकारच करत असतो.

थकव्याची तक्रारही खरी आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये त्याची चार कारणं मांडली: खूप जवळून सतत रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा बघत राहणं, एका जागी खिळून बसणं, आणि हावभाव दाखवायला व ओळखायला पडणारे जादा कष्ट. यातलं स्वतःला बघत राहणं मला सगळ्यात जाचक वाटतं. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १०३ कर्मचाऱ्यांना चार आठवडे पाहिलं गेलं. कॅमेरा चालू ठेवलेल्या दिवशी थकवा जास्त होता, आणि तो स्त्रियांना व नव्याने रुजू झालेल्यांना अधिक जाणवत होता. म्हणजे सक्तीचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. आपली छाप पाडायची ज्यांना आधीच काळजी आहे, त्यांच्यावर तो जास्त पडतो. सक्तीला माझा विरोध आहे तो मुख्यतः यासाठी.

याचा अर्थ कॅमेरा नकोच, असा मुळीच नाही. पहिली ओळख, दोघांमधलं काही बिनसलेलं मिटवणं, कुणाला नकोशी बातमी सांगणं, यांसाठी मी कॅमेरा चालू ठेवते आणि समोरच्यालाही तशी विनंती करते. आमच्या एका सहकाऱ्याला कमी ऐकू येतं. तो ओठांवरून शब्द जुळवतो. बोललेले शब्द पडद्यावर आपोआप अक्षरांत उमटवणारी कॅप्शन्स त्याला मदत करतात, पण नावं आणि कामातले खास शब्द त्यात हमखास चुकतात. तो असतो तेव्हा बोलणारा माणूस कॅमेरा चालू करून, तोंडावर उजेड घेऊन बोलतो. बाकीचे चौकटी बंद ठेवतात, त्यामुळे कुणाकडे बघायचं हे त्याला शोधावं लागत नाही.

नव्या कल्पना सुचवायच्या असतील तर मात्र जमल्यास प्रत्यक्ष भेटा. नेचर नियतकालिकात २०२२ मध्ये आलेल्या संशोधनात व्हिडिओवरून काम करणाऱ्या जोड्यांना समोरासमोर बसलेल्यांपेक्षा कमी कल्पना सुचल्या. नजर पडद्यावर खिळते आणि तिच्याबरोबर विचारांचा आवाकाही आखडतो, असं संशोधकांचं म्हणणं. सुचलेल्यांतून चांगली कल्पना निवडण्यात मात्र व्हिडिओवाले मागे पडले नाहीत. आणि ज्या मीटिंगमध्ये एकच जण बोलतो, बाकीचे ऐकतात, तिथे कॅमेऱ्याचा वाद घालण्यापेक्षा तो मजकूर लिहून पाठवा.

यावर उलटा प्रश्न येतो: 'मग माणूस खरंच कामावर आहे की नाही, कळणार कसं?' त्याच्या कामावरून. ठरलेली गोष्ट ठरलेल्या दिवशी झाली का, अडल्यावर त्याने वेळेत सांगितलं का, हे बघा. पडद्याकडे तोंड करून दुसरंच काही करत बसणं कुणालाही जमतं.

आणि सक्ती वरूनच आली असेल तर? मीटिंग बोलावणाऱ्याला आधी दोन ओळी लिहून विचारा: सुरुवातीची पाच मिनिटं आणि स्वतः बोलताना कॅमेरा चालू ठेवला तर चालेल का? मी हे सुचवलेल्या बऱ्याच जणांना होकार मिळालाय. तोवर निदान स्वतःचं चित्र स्वतःपुरतं लपवून ठेवा. इतरांना तुम्ही दिसतच राहता. ही सोय बहुतेक सगळ्या ॲपमध्ये तुमच्या चौकटीवरच्या तीन टिंबांमागे असते.