मिनीस्कर्ट, खुर्च्या आणि परकीय चलन : लंडनमधले काही सरकारी लघुपट

दुसरे महायुद्ध संपल्यानंतर ब्रिटिश सरकारने खुर्च्या, किटल्या, छापील कापड आणि स्त्रियांचे पोशाख या विषयांवर लघुपट काढले होते, हे मला बऱ्याच वर्षांपासून ठाऊक होते. ते ज्या शहरात घडले तिथेच बसून पाहावेत अशी इच्छा होती. लंडनला जाणे ठरले तेव्हा बाकीची स्थळे मागे ठेवून मी याच धाग्याने शहर फिरायचे ठरवले.

सुरुवात साउथ केन्सिंग्टनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमपासून केली, कारण या साऱ्या कथेची पार्श्वभूमी तिथे आहे. युद्धकाळात संग्रहालयातल्या बहुतेक वस्तू सुरक्षित जागी हलवलेल्या होत्या आणि त्या रिकाम्या दालनांत सप्टेंबर 1946 मध्ये ‘ब्रिटन कॅन मेक इट’ हे उत्तम आरेखनाच्या वस्तूंचे भव्य प्रदर्शन भरले. सुमारे 14 लाख माणसे ते पाहून गेली. मात्र मांडलेल्या वस्तूंपैकी पुष्कळशा एक तर अजून बाजारात आलेल्या नव्हत्या किंवा निर्यातीसाठी राखून ठेवलेल्या होत्या, त्यामुळे वर्तमानपत्रांनी प्रदर्शनाला ‘ब्रिटन कान्ट हॅव इट’ असे नाव दिले. त्या चिडीचे कारण समजण्यासारखे आहे. जून 1941 मध्ये सुरू झालेली कपड्यांच्या रेशनिंगची कुपने मार्च 1949 पर्यंत चालू होती. युद्धकाळात कपड्याला किती बटणे, किती खिसे आणि किती चुण्या असाव्यात हे सरकार ठरवत असे. पुरुषांच्या पँटच्या पायाशी दुमड घालण्यावरही काही काळ बंदी होती. याच काळात, 1942 मध्ये, व्यापार खात्याने लंडनच्या नामवंत फॅशनकारांकडून कमी कापडात बसतील असे सुबक पोशाख बेतून घेतले आणि त्यांचे नमुने या संग्रहालयाला दिले. सक्तीच्या काटकसरीतही कपड्याची बेतणी चांगली असावी असा आग्रह धरणारे सरकार मला आदरास पात्र वाटते.

तिथून हेमार्केट या रस्त्यावर थोडा वेळ थांबलो. 28 क्रमांकाच्या इमारतीत 1956 मध्ये डिझाईन सेंटर उघडले होते आणि निवडलेल्या ब्रिटिश वस्तू तिथे कायम मांडलेल्या असत. आता त्याची खूण शोधावी लागते.

खरा मुक्काम थेम्सच्या दक्षिण काठावर, वॉटर्लू पुलाखालच्या बीएफआय साउथबँक या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या चित्रपटगृहात झाला. या जागेचा या लघुपटांशी जवळचा संबंध आहे. 1951 च्या उन्हाळ्यात याच काठावर ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ भरला होता. त्यासाठी वेल्स कोट्स या वास्तुविशारदाने ‘टेलिकिनेमा’ नावाचे छोटे चित्रपटगृह उभारले. महोत्सवाच्या बहुतेक इमारती नंतर पाडल्या गेल्या, पण या चित्रपटगृहात 1952 मध्ये नॅशनल फिल्म थिएटर सुरू झाले आणि 1957 मध्ये ते पुलाखालच्या सध्याच्या जागी आले. त्याच महोत्सवात स्फटिकांच्या क्ष-किरण चित्रांवरून, म्हणजे इन्सुलिनसारख्या पदार्थांच्या रेणुरचनेवरून, पडद्यांची आणि पोशाखांची कापडे छापली गेली होती. हेलन मेगॉ या स्फटिकशास्त्रज्ञ स्त्रीने त्यात पुढाकार घेतला होता. विज्ञान आणि शिवण यांची अशी भेट माझ्या माहितीत दुसरी नाही.

इथल्या मीडियाथेकमध्ये कानाला हेडफोन लावून जुने चित्रपट विनामूल्य पाहता येतात. मी पाहिलेले लघुपट ‘सेंट्रल ऑफिस ऑफ इन्फर्मेशन’ या कार्यालयाचे होते. युद्धकाळातले माहिती मंत्रालय बंद झाल्यावर एप्रिल 1946 मध्ये ते स्थापन झाले आणि 2012 मध्ये बंद झाले. निरनिराळी खाती मागणी करत आणि हे कार्यालय चित्रपट काढून देई. त्यांतल्या अनेकांचा प्रेक्षक परदेशातला होता: युद्धाने कर्जबाजारी झालेल्या देशाला निर्यात हवी होती आणि सुंदर वस्तू हे निर्यातीचे साधन होते. 1968 च्या एका चित्रफितीचे ‘मिनीस्कर्ट्स मेक मनी’ हे नावच हा हेतू लपवत नाही. त्याआधीचा, 1965 चा ‘डिझाईन फॉर टुडे’ मात्र फार वेगळ्या दर्जाचा आहे. पुढे ‘चॅरिअट्स ऑफ फायर’ दिग्दर्शित करणाऱ्या ह्यू हडसनने तो केला. निवेदकाच्या आवाजावर न विसंबता तो वस्तूच बोलक्या करतो, आणि खुर्चीची कड किंवा भांड्याचा काठ इतका वेळ निरखणारा कॅमेरा सरकारी कामात दिसावा याचा मला फार आनंद झाला.

हे पाहताना मुंबई आठवणे अपरिहार्य होते. ब्रिटिशांनी युद्धकाळात 1943 मध्ये इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया ही शाखा सुरू केली होती आणि स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये फिल्म्स डिव्हिजन आले. मुख्य चित्रपटाआधी त्याचे वार्तापट व अनुबोधपट दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक होते, म्हणून आमच्या आधीच्या पिढीला ते पाठ आहेत. पेडर रोडवरच्या गुलशन महालात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उघडले तेव्हा त्या कामाला थोडा मान मिळाला. परंतु हातमाग, छापकाम आणि भांडी यांवरचे आपले जुने अनुबोधपट विषयवार निवडून, टिपणे जोडून प्रेक्षकांपुढे ठेवणे हे काम अजून व्हायला हवे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने आपल्या सरकारी लघुपटांचे असे विषयवार संच काढले, म्हणूनच ते माझ्यापर्यंत पोहोचले.

शेवटी नदीच्या दक्षिण काठाने बर्मंडसी स्ट्रीटवर गेलो. तिथे फॅशनकार झँड्रा ऱ्होड्स यांनी स्थापन केलेले फॅशन अँड टेक्स्टाईल म्युझियम आहे. मेक्सिकोचे वास्तुविशारद रिकार्डो लेगोरेता यांनी केलेली ही गुलाबी-नारिंगी इमारत विटांच्या गोदामांमध्ये दुरूनच नजरेत भरते. ऱ्होड्स मुळात कापडावर छपाई करणाऱ्या. आधी नक्षी काढायची आणि मग त्या नक्षीच्या वळणानेच कपडा कापायचा, ही त्यांची रीत. त्यांच्यावर 1981 मध्ये सेंट्रल ऑफिस ऑफ इन्फर्मेशनसाठी लघुपट केला तो चित्रपट दिग्दर्शक पीटर ग्रीनवे यांनी, ज्यांनी तिथे अनेक वर्षे संकलक म्हणून नोकरी केली होती. पाहिलेल्या सर्व लघुपटांत मी हाच सर्वांत चांगला मानतो, कारण यात विकण्याची घाई नाही. कापड, रेघ आणि हात यांना पुरेसा वेळ दिलेला आहे.